माठावरचा कॉम्प्युटर

झिलूमामा भेटला की नमस्कार करत नाही, ताप बघतो. उजव्या हाताची बोटं उलटी करून समोरच्याच्या मनगटाला लावतो, डोळे मिटतो आणि निकाल देतो. "बरी आसस." नाहीतर, "काल झोपूक नाय तू." माणसांवर थांबला असता तर एक वेळ चाललं असतं. पण एसटीचं बॉनेट, पाटीतली सुरमई, बँकेतल्या साहेबांचा प्रिंटर, सगळ्यांना ती उलटी बोटं लागतात. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत त्याने लाउडस्पीकरच्या पेटीला हात लावला आणि भर कथेत ओरडला, "बंद करा! जळतली!" भटजी संतापले. चौथ्या अध्यायात पेटीतून धूर निघाला.

झिलू मिस्त्री म्हणजे आमच्या सर्जेकोटच्या बंदरातला ट्रॉलरच्या इंजिनांचा जुना कारागीर. माझ्या आईचा मानलेला भाऊ, म्हणून माझा मामा. आई मालवणच्या बाजारात मासे विकते. मी तिची मुलगी, बी.एस्सी. आमच्या घराण्यात पदवीचा कागद भिंतीवर लागला तो माझा पहिला, आणि तो मी रस्त्यावरून दिसेल असा लावलाय. लाजायचं कशाला? मालवणात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते. मामा मला नावाने कधी हाक मारत नसे. "काय गो बीएश्शी!" असं रस्त्याच्या पलीकडून गर्जायचा. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. उलट आपण मागून हाक मारली तर वळायचाही नाही. मला वाटे, मिजास.

मामाचं घर लाटेपासून तीस पावलांवर. मामी वारल्यापासून तो एकटा. एकच मुलगी, मंगल, लग्न होऊन बडोद्याला गेलेली. मंगलला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या नवऱ्यालाही नाही. म्हणजे फोनचा उपयोग शून्य, आणि २००८ साली आमच्या किनाऱ्यावर मोबाईलला रेंज हवी तर माडावर चढावं लागे. म्हणून मामाने कॉम्प्युटर घेतला, वर कॅमेरा बसवला. मंगल तिकडे शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसायची. रविवारी दुपारी चार ते पाच एवढा एकच तास शेजारी त्यांचा कॉम्प्युटर द्यायचे. त्या तासात बाप-लेक हातांनी बोलायची.

पण खारा वारा कॉम्प्युटरला जगू देत नाही. आतला पंखा वारा ओढतो, वाऱ्याबरोबर मीठ. दीड वर्षात बोर्डावर हिरवी बुरशी चढल्यासारखं झालं. मामाने बोटीवरचा उपाय केला. ग्रीस आणि चिकटपट्टी घेऊन पेटीची एकूणएक भोकं बुजवली. मीठ बंद झालं. वाराही बंद झाला. आता ती पेटी अकरा मिनिटांत तापून निपचित पडायची, आणि निवेपर्यंत पाच वाजलेले असायचे.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मंगलचा हात पोटाजवळ आला आणि पडदा काळा झाला.

तो आठवडा मामाने कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. "पोटात दुखता काय गो तिच्या? अपेंडिस तर नाय?" दिवसातून तीनदा तो हात तसाच पोटाजवळ नेऊन मला दाखवायचा. "हेच्या फुडे काय असात?" मी म्हटलं, शेजाऱ्यांना फोन करून विचारते. भडकला. "माझ्या चेडवाच्या पोटातला मी परक्याच्या तोंडातसून ऐकू?" पुढच्या रविवारी मंगलचा हात पुन्हा पोटाजवळ गेला, आणि या वेळी पुढे गेला, हवेत गोल फिरला. मामा आजोबा होणार होता. आनंदाने त्याने दोन्ही हात वर केले, आणि अकरावं मिनिट संपलं.

दुसऱ्या दिवशी तो भर क्लासात येऊन उभा राहिला.

"बीएश्शी, नवीन मशीन बांधूचा आसा. चार ते पाच, एक तास. मधी बंद पडूक नाय व्हया. आणि भितर वारो जाता नये."

"मगे थंड कसा होतला?"

"पाण्यान."

पोरं फिदीफिदी हसली. कॉम्प्युटरजवळ पाण्याची बाटली नेणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करत असे. मी मामाला बाजूला घेऊन समजावलं, की पाण्याचा एक थेंब बोर्डावर पडला तर सगळं संपलं. तो समोर उभा राहून नेहमीसारखा माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता.

"ट्रॉलराचा इंजिन कशान निवता गो? आत गोडा पाणी फिरता, भायर खारा. खारा गोड्याक निववता, आणि दोघांची गाठ कधी पडणा नाय. तुझ्या पदवीत ह्या नाय?"

माझ्या पदवीत ते नव्हतं.

मग योजना सुरू झाल्या. कॅलेंडरची जुनी पानं उलटी करून त्यावर मामा नकाशे काढायचा. पहिल्या नकाशात नळी थेट समुद्रात सोडलेली होती. "ओहोटीक काय करतलंस?" मी विचारलं. दोन दिवस तो दिसला नाही. दुसऱ्या नकाशात विहीर होती, पण विहीर आणि टेबल यांच्यामध्ये शेजाऱ्यांचा गोठा येत होता. सातव्या की आठव्या नकाशात माठ आला. बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी कूलरच्या छोट्या पंपाने नळीतून फिरणार. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची चपटी डबी, तिच्यातून जाताना ते पाणी उष्णता घेणार. मग पडवीत ठेवलेल्या माठात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून जाताना उष्णता सोडणार. हे मी लिहिलंय तितक्या सरळ त्याने मला कधीच सांगितलं नाही. त्याचं सांगणं एवढंच: "आत गोडा, भायर माठातला. गाठ पडता नये."

तांब्याची डबी त्याने स्वतः केली. तिचा तळ सपाट व्हावा म्हणून देवाच्या तसबिरीची काच काढली, तिच्यावर पॉलिश पेपर पसरला आणि आठ दिवस घासत बसला. "तोंड दिसाक व्हया." नळी म्हणजे गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी. कोल्हापूरहून बाकीचे भाग आणायला मी गेले. तीस वेळा यादी तपासली आणि परतीच्या एसटीत बोर्डाची पेटी मांडीवर तान्ह्या मुलासारखी धरून बसले. शेजारची बाई म्हणाली, "काय ठेवलंय ओ त्यात? देव?"

आईने पडवीतला माठ बघितला आणि कंबरेवर हात ठेवले. "झिलू, तुझ्या कांप्युटराक तहान लागता काय रे? की आत खेकडे सोडूचे आसत?"

"तू तुझे बांगडे बघ, गो बाय."

सगळं हसण्यावारी नेणारा मामा एका गोष्टीला मात्र घाबरायचा. गळतीला. "पाण्याक घाई नसता," तो म्हणायचा. "तेका म्हायत आसता, आज नाय तर उद्या वाट गावतली." त्याने माझ्याकडून क्लासातले खडू मागून घेतले. प्रत्येक जोडावर बाहेरून खडू फासायचा. थेंब आला की पांढरं काळं पडतं, ही बंदरातली जुनी युक्ती. मशीन न जोडता नुसतं पाणी त्याने महिनाभर फिरवलं. रोज सकाळी मला हाक. "बीएश्शी, माझे डोळे गेले, तू बघ." मी वाकून सहा जोड बघायची. पांढरे. "परत बघ." पांढरे. हे दुखणं मलाही लागलं. शिकवताना हातातला खडू ओला तर झाला नाही ना, म्हणून मी चाचपून बघू लागले.

एप्रिल संपताना बडोद्याहून शेजारणीचा क्लासवर फोन आला. मुलगा. दोघंही सुखरूप. आणि येत्या रविवारी चार वाजता त्या मंगलच्या घरीच कॉम्प्युटर नेऊन ठेवणार होत्या. मामाला सांगितलं तर त्याने माझं मनगट धरून आधी ताप बघितला. मग स्वतःचा बघितला.

त्या रविवारी उकाड्याने जीव जात होता. मशीन जोडलं. पहिला तास पेटीचं झाकण उघडंच ठेवायचं ठरलं, जोडांवर नजर ठेवता यावी म्हणून. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. चार वाजता पडद्यावर मंगल आली, आणि तिच्या हातात कापडात गुंडाळलेलं एक लालबुंद तोंड. मामाचे हात हवेत उठले ते खाली येईनात.

मी पडद्याकडे बघत नव्हते. जोडांकडे बघत होते. आठव्या मिनिटाला डबीच्या वरच्या जोडाचा खडू काळा पडला.

मी मामाच्या खांद्याला हात लावून बोट दाखवलं. जोडाखाली थेंब जमत होता, आणि त्याच्या खाली बोर्ड. मामाचा हात बटणाकडे गेला. पडद्यावर मंगल बाळाला वर उचलून कॅमेऱ्याजवळ आणत होती. त्याचं बोट बटणावरच राहिलं. दाबेना, सुटेना.

मी ओढणीने थेंब टिपला. दुसरा जोड बघितला. तोही ओला. तिसराही. आणि मग दिसलं, नुसते जोड नाहीत, मधली नळीसुद्धा ओली आहे, जिथे जोडच नाही तिथेही. एकाच वेळी सगळीकडून गळणारी नळी असते का?

मी त्याला दंडाला धरून माझ्याकडे वळवलं. "मामा! माठात काय घातलंस?"

"बर्फ," तो म्हणाला. "दोन पाट्या. आयज मशीन तापूक नाय व्हया म्हणून."

बंदरातला माणूस. जे टिकायला हवं ते बर्फात ठेवायचं, एवढं त्याला जन्मापासून माहीत.

"गळणा नाय रे! घाम इलो नळयेक! थंडगार पाण्याच्या पेल्याक येता तसो!" हे मात्र माझ्या पदवीत होतं.

मी पडवीत धावले. माठात कोपरापर्यंत हात घालून मासळीच्या वासाचा तो बर्फ उपसला आणि अंगणात फेकला, विहिरीच्या दोन कळशा ओतल्या, परत येऊन सगळी नळी ओढणीने पुसली, नवा खडू फासला. अकरावं मिनिट केव्हाच मागे पडलं होतं. पांढरं पांढरंच राहिलं. मी जमिनीवर टेकले.

मामाचं लक्ष पडद्यावर होतं. मंगल हातांनी काहीतरी विचारत होती, परत परत तेच. बाळाचं तोंड मोठं उघडलं होतं. मामा माझ्याकडे वाकला आणि मी त्याला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदा हळू आवाजात बोलला.

"बीएश्शी, तो रडता काय गो?"

मला वाटलं, थट्टा करतोय. स्पीकर पूर्ण मोठा होता. पंख्याची घरघर नाही, काही नाही. बाळाच्या रडण्याने खोली भरून गेली होती.

"मामा, तुका ऐकाक येणा नाय?"

त्याने दाराकडे बघून घेतलं. "आठ-धा वर्सां झाली. खंय बोलू नको. बंदरार कळला तर इंजिनाक हात लावूक देवचे नाय माका."

एसटीचं बॉनेट, लाउडस्पीकरची पेटी. मागून मारलेल्या हाका.

"काय इचारता ती?" पडद्याकडे बोट करून मी विचारलं.

"इचारता, बाबा, ह्येचो आवाज कसो आसा? रडता म्हणान सगळे सांगतत. कसो, ता कोण सांगणा नाय."

"टिटवीसारखो," मी म्हणून गेले आणि जीभ चावली. मंगलने टिटवी कधी ऐकली होती?

मामाने हात पुढे केला. बोटं उलटी करून स्पीकरला लावली आणि डोळे मिटले. इंजिनापाशी बसतो तसा बसला, बराच वेळ. मग डोळे उघडले, तीच उलटी बोटं मंगलला दाखवली आणि स्वतःच्या छातीला टेकवली.

मंगलला एका क्षणात कळलं. लहानपणी बोटीवर बसवून त्याने तिला हेच शिकवलं असणार. तिने बोटं उलटी केली, रडणाऱ्या बाळाच्या छातीला लावली आणि डोळे मिटले. हुबेहूब मामा.

पाचला काही मिनिटं होती. पंप हळू गुणगुणत होता. मी सहाही जोड बघितले, कोरडे. मंगलने डोळे उघडले, हसली आणि तिचे हात हलले.

"काय म्हणता?" त्याच्या खांद्याला हात लावून मी विचारलं.

"म्हणता," मामा रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशा नेहमीच्या आवाजात ओरडला, "इंजिन बरा आसा!"