एका ओळीचे भाऊजी

"समोरच्या ग्रीक नाटककारांची शेवटची ओळपण जाणार म्हणे..." लिफ्टमधल्या एका बाईचं एवढंच ऐकू आलं आणि दार लागलं.

मेनोक्रितोस आमच्याच मजल्यावर राहतात. वय अडीच हजारांच्या आसपास, काम शोकांतिका लिहिण्याचं. मला वहिनी म्हणतात, म्हणून ते भाऊजी. त्या काळच्या नाटककारांना जागा मिळते ती उरलेल्या मजकुराप्रमाणे. ज्यांची सात-सात नाटकं उरली, त्यांचे पलीकडच्या कॉलनीत बंगले आहेत. भाऊजींची सगळी नाटकं हरवली, उरली एक ओळ. म्हणून एक खोली.

मी वाटीभर साखर मागायला गेले. साखर घरात होती. भाऊजी पेटी भरत होते. भरण्यासारखं काही नव्हतं, तरी भरत होते.

"खरं का हो, भाऊजी?"

"ओळ माझी नाही म्हणतात. बंगलेवाल्यांपैकी एकाची निघतेय."

"त्यांना काय कमी आहे?"

"कमी नाही, म्हणूनच लोकांना सगळं त्यांचं वाटतं."

इतक्या वर्षांचा शेजार, पण ओळ कोणती ते मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. त्यांनी घसा साफ केला.

"मी जातो. दार उघडं ठेवा."

"अहो, जातो काय म्हणता? येतो म्हणावं!"

"नायक मरायला निघालाय, वहिनी."

"मग तर म्हणायलाच हवं."

"परत आला तर शोकांतिका कशी व्हायची?"

"नाही झाली तर कुणाचं अडलंय?"

त्यांनी पेटीला कडी घातली. त्यांच्याकडे पोस्टमनसुद्धा येत नसे.

तेवढ्यात आमचे सेक्रेटरी भोकरे विद्वानांचा निकाल घेऊन वर आले. 'मी जातो' हे बंगलेवाल्यांचं ठरलं. 'दार उघडं ठेवा' मात्र भाऊजींचंच.

"अभिनंदन," भोकरे म्हणाले. "पण अर्ध्या ओळीत खोली बसत नाही. दार तेवढं तुमच्या नावावर राहील. खोली आजच रिकामी करा."

भाऊजींनी पेटी उचलली. उंबऱ्यात थांबले. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. जातो हा शब्द आता त्यांचा नव्हता.

"येतो, वहिनी," ते म्हणाले.

म्हणजे लिफ्टमधली बाई निम्मं खरं बोलत होती.

खोली आता रिकामी आहे. दार सताड उघडं असतं; भोकऱ्यांना ते लावता येत नाही, दुसऱ्याच्या मालकीचं आहे. आत मांजरं शिरतात, म्हणून मीही माझं दार उघडंच टाकून बसते. लक्ष राहतं.