फिल्टरले खळ

मामाजींच्या गाडीबद्दल मी मत द्यायला नको होतं. खरं म्हणजे घरजावयानं कशाबद्दलच मत देऊ नये. पण त्या दिवशी जेवताना मामाजी म्हणाले, "गाडी लय पेट्रोल पिऊन राहिली, अन् चढावर धापा टाकते," आणि घास गिळायच्या आत मी बोलून गेलो, "एअर फिल्टर बदला."

सगळ्यांनी ताटावरून माना वर केल्या. (मी बोललो आणि सगळ्यांनी ऐकलं, असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.)

मामाजी म्हणजे माझे सासरे, ईश्वरदासजी. आम्ही कोष्टी. घरचे माग बंद पडले तेव्हा त्यांनी जुनी पिकअप घेतली आणि दुसऱ्यांच्या मागावरच्या साड्यांचे गठ्ठे वाहायला लागले. मी सरकारी कचेरीत कारकून. पण मोहल्ल्यात मला महादेवराव म्हणून कोणी ओळखत नाही. ईश्वरदासजीकडचे जावई, बस.

आता नेमकं माझ्या साळ्याचं, अनंतचं, लग्न ठरलं होतं आणि वरात कुहीला जायची होती. वरातीत जावयाचा केवढा मान असतो! गावाच्या शिवेवर मुलीकडचे त्याला कुंकू लावतात, हार घालतात. नाही घातला तर तो रुसतो, मग चार माणसं त्याची समजूत काढतात. माझं तसं नाही. घरचाच म्हणून मला कोणी कुंकू लावत नाही, आणि रुसलो तर ते कोणाला कळत नाही. मेहुणीच्या, चारुशीलेच्या, लग्नात मी चांगला तासभर रुसून बसलो होतो. शेवटी मीच उठलो आणि बुंदी वाढायला लागलो.

या खेपेस मात्र मला मान हवा होता. गाडी सुधारली, तर शिवेवर मामाजी व्याह्यांना सांगतील, "हे आमचे जावई. गाडी यायनंच ठीक केली." एवढं एक वाक्य मिळालं असतं तरी मी जन्मभर पुरवलं असतं.

मी सदर बाजारात फिल्टर घ्यायला गेलो. दुकानदारानं मला पाहताच ओळखलं असावं. "ये देखो बाबूजी, कॉटन का है. बाहर का माल. गाडी खुलके सांस लेगी. पिकअप बढेगा, अ‍ॅव्हरेज बढेगा!"

"और खराब हुआ तो?"

"धो के लगाओ. जिंदगीभर!"

जाळीत चुण्या घालून बसवलेलं कापड होतं ते. मी स्वतः उभा राहून बसवून घेतलं. मामाजी गाडी घेऊन उमरेडला जाऊन आले.

"फरक पडला ना?" मी विचारलं.

"आवाज वाढला."

"म्हणजे ताकद वाढली!"

"ताकद नाई जी जावईबापू. आवाज."

पेट्रोल तेवढंच लागलं होतं, आणि चढावर गाडी तशीच धापा टाकत होती, फक्त आता मोठ्यानं. पण मागं हटेल तो मी कसला! "धूळ बसली असेल त्याच्यावर," मी म्हणालो. "धुतलं की बघा." आणि लग्नाच्या आदल्या दिवशी फिल्टर काढून बायकोच्या हातात दिलं.

"अहो, हे कसं धुवू?" प्रेमिलानं विचारलं.

"कापडच आहे. साडीसारखं धू."

झालं! कोष्ट्याच्या घरात 'साडीसारखं' म्हणजे काय, हे कोष्ट्याच्याच पोटी जन्मून मला कळू नये? प्रेमिलानं धुतलं, आणि मामीजींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते लुळं पडलेलं कापड पाहून कपाळाला हात लावला. "बाप्पा! नवरदेवाच्या गाडीले असं मेलेलं फडकं लावता का वं? लोक काय म्हणतीन?" असं म्हणून त्यांनी, माझ्या नकळत, त्याला तांदळाची खळ दिली.

लग्नाच्या सकाळी मी ते हातात घेतलं, तर पापडासारखं कडक. टिचकी मारली, टक् वाजलं. "पाह्य," मी अनंतला म्हणालो, "धुतल्यावरही आकार सोडत नाही. याला क्वालिटी म्हणतात." आणि ते गाडीत बसवून टाकलं.

वऱ्हाड बसनं पुढं गेलं. पिकअपमध्ये मामाजी गाडी चालवायला, शेजारी नवरदेव, त्याच्या शेजारी मी, मागं प्रेमिला आणि मामीजी. पाचगाव मागं पडलं आणि गाडीनं काळा धूर सोडला.

"जावईबापू, हे काय होऊन राहिलं?"

"इंजन श्वास घेऊन राहिलं."

"मले तं मरून राहिलं वाटते."

कुहीच्या अलीकडे ते मेलंच. मामाजींनी बॉनेट उघडलं, फिल्टर काढलं, त्याची एक पांढरी पापडी मोडून जिभेवर ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. "ही तं खळ हाय."

"पातळच देली होती मी," मामीजी मागून म्हणाल्या.

"हेच म्हणाले, साडीसारखं धू," प्रेमिला म्हणाली. (माझी बायको. सात फेरे घेतलेली.)

फिल्टर फेकून गाडी सुरू करून पाहिली, पण खळीचा चुरा केव्हाच कार्बोरेटरमध्ये जाऊन बसला होता. गाडी एकदा खोकली आणि थंड झाली. मामाजी मला एक शब्द बोलले नाहीत. जावयाला बोलता येत नाही ना! तेवढा एकच मान मला त्या दिवशी मिळाला.

मुहूर्त तर जवळ आलेला. तेवढ्यात बैलगाडी घेऊन रुपराव नावाचा शेतकरी आला. भला माणूस, त्यानं आपले बैल सोडले आणि पिकअपला जुंपले. "पण बुजरे हायेत जी," तो म्हणाला. "बँडबाजा ऐकला का उधळतीन. मी मागून हाकलतो, कोणी तरी पुढं दोर धरून चाला."

नवरदेव चालणार नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

अशी आमची वरात शिवेवर पोचली. सगळ्यात पुढं मी, घामाघूम, धोतराचा सोगा धुळीत. मुलीची काकू यमुताई तबक घेऊन समोर आली. तिनं उजव्या बैलाला कुंकू लावलं, डाव्या बैलाला लावलं, दोघांच्या पायांवर पाणी घातलं. मी कपाळ पुढं केलं.

"भाऊ, जरा बाजूले व्हा," ती म्हणाली, "नवरदेवाले येऊ द्या. बैल तिकडं लिंबाखाली बांधा, तुमचं पानही तिथंच पाठवते."

मी मामाजींकडं पाहिलं. आता तरी ते काही बोलतील म्हणून पाहिलं. त्यांनी रुपरावच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला व्याह्यांपुढं नेलं, आणि पहिला हार त्याच्या गळ्यात पडला.

माझा संताप संताप झाला. मी तिथंच, भर शिवेवर, सगळ्यांसमोर रुसून निघून जाणार होतो. पण बँड सुरू झाला होता, आणि दोर सोडता येत नव्हता.