पुस्तकं टांगणारे आप्पा

आमच्या शेजारचे आप्पा पुस्तक आधी टांगतात आणि मग वाचतात. टांगतात म्हणजे खरोखर टांगतात. वाचनालयात पुस्तक हातात आलं की ते खिशातून ताणकाटा काढतात, त्याच्या आकड्याला कापडी पिशवी अडकवतात, पिशवीत पुस्तक सोडतात आणि काटा डोळ्यांसमोर धरून श्वास रोखून उभे राहतात. काटा थांबला की वजन खणखणीत आवाजात जाहीर करतात. विश्रामबागेतल्या आमच्या वाचनालयाच्या बाईंना पहिल्या वेळी वाटलं, रद्दीवालाच आत शिरला. आता सवय झाली. "आप्पा, हळू, लोक वाचतायत," एवढंच म्हणतात आणि नोंद करून देतात.

आप्पांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसानं भरलेली गाडी आत येताना तोलायची, ऊस उतरवला की तीच गाडी रिकामी तोलायची, आणि दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ ऊस. जन्मभर हेच केल्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीत गाडी किती आणि ऊस किती, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लग्नात एखाद्या पुढाऱ्याचं आशीर्वादपर भाषण झालं की आप्पा खुर्चीतल्या खुर्चीत पुटपुटतात, "गाडी लय मोठी, ऊस न्हाई." आमच्या यजमानांनी एकदा नव्या मोटारीचं कौतुक सुरू केलं. आप्पांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "सायेब, निव्वळ सांगा." यजमान त्यानंतर आठवडाभर घरातही निव्वळच बोलत होते. मला तो आठवडा फार सुखाचा गेला.

मूळचे ते कवठे महांकाळकडचे. तिकडे पाऊस बेताचा आणि माणसं शब्दही बेतानं खर्च करणारी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सैन्यात. त्यामुळे घरात आप्पा, त्यांचा काटा आणि वाचनालयाची पुस्तकं. पुस्तकांचं त्यांचं शास्त्र अगदी सरळ होतं: जड पुस्तकात माल जास्त. हातभर जाडीची ऐतिहासिक कादंबरी ते दोन्ही हातांनी लहान मूल उचलावं तशी घरी आणायचे आणि पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचून काढायचे. कविता मात्र त्यांना चालत नसे. मी एकदा हौसेनं एक संग्रह दिला, तो त्यांनी दुसऱ्या दिवशी परत केला. "वैनी, पानाच्या मधी दोन वळी, भवतीनं सगळं मोकळं रान. ही गाडी रिकामीच आली हाय."

गेल्या वर्षी मुलाची बदली अशा जागी झाली की तिथं कुटुंब नेता येत नव्हतं. म्हणून सूनबाई आणि सई वर्षभरासाठी आप्पांकडे राहायला आल्या. सई त्यांची नात, चौदा वर्षांची. कानात इअरफोनची बोंडं, हातात मोबाइल, आणि कुठल्याही प्रश्नाला "काही नाही" हे उत्तर. त्या वयात तेच उत्तर असतं, आमच्या दोन्ही मुलांचंही होतं. पण आप्पांना ती मोठी अडचण वाटली. आणि त्यांच्या मते प्रत्येक अडचणीवर एक औषध होतं. त्यांनी वाचनालयातली सगळ्यांत जड कादंबरी टांगून, तोलून नातीसाठी घरी आणली.

सईनं ती उघडली, मिटली आणि ठेवून दिली. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर ती कादंबरी वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराला टेकवलेली होती. आप्पांनीही ते पाहिलं होतं. त्यांनी आणखी जड पुस्तक आणलं. त्याखाली सूनबाईंनी पापड दाबले. आप्पा माझ्याकडे येऊन कळवळून म्हणाले, "एवढा माल घरात वततोय वैनी, पोरगी वास बी घेत न्हाई."

मग सईच्या वाढदिवसाला तिच्या बाबांनी कुरियरनं ई-रीडर पाठवला. शाळेतल्या पाटीएवढा, काळा, पातळ. आप्पांनी त्याचं नाव पाटीच ठेवलं. त्यात शेकडो पुस्तकं मावतात असं सईनं सांगितल्यावर त्यांनी काटा काढला. पाटी रिकामी असताना टांगली. मग म्हणाले, भर आता. सईनं वायफायवरून दहापंधरा पुस्तकं उतरवली. आप्पांनी पुन्हा टांगली. काटा पहिल्याच जागी. आणखी भर म्हणाले. तिनं भरली. काटा तसूभर हलला नाही.

दुसरा एखादा असता तर हसून गप्प बसला असता. आप्पांनी चार दिवस नीट जेवण केलं नाही. त्यांचा काटा जाडा, ऊसवाल्या हाताचा, त्याला नाजूक फरक कळत नसेल, अशी शंका त्यांना आली. तेव्हा ते सईला आणि पाटीला घेऊन ओळखीच्या सराफाकडे गेले. सोनं तोलायच्या काट्यावर पाटी ठेवली. तिथंच उभं राहून सईनं मोबाइलच्या नेटवरून आणखी पुस्तकं भरली, आणि सराफानं पुन्हा तोललं. दुकानात बांगड्या बघायला आलेल्या दोन बायका बांगड्या सोडून हे बघत बसल्या. फरक गुंजेचाही नाही. सराफ विनोदानं म्हणाला, आप्पा, सोन्यात धरतो तशी यात घट धरायची का? आप्पा हसले नाहीत. घरी रिक्षातून उतरताना त्यांनी निकाल दिला. "काट्यावर दिसत न्हाई, ते न्हाईच. पाटी रिकामी हाय."

पण मजा अशी झाली की रिकाम्या पाटीवर सई वाचायला लागली. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग सूनबाई जेवायला हाका मारून थकेपर्यंत. पायरीवर बसून एकटीच हसायची. मला राहवेना. एका दुपारी कैरीची फोड हातावर ठेवून मी तिला विचारलं, एवढ्या पुस्तकांना हात न लावणारी तू, या पाटीनं काय जादू केली?

फोड चघळत ती म्हणाली की बाबांच्या बदल्यांमुळे तिच्या शाळा सगळ्या देशभर झाल्या, आणि मराठी वाचायची सवयच राहिली नाही. इथं आल्यावर वर्गात मोठ्यानं वाचायला उभं केलं, ती अडखळली, आणि पाठीमागची मुलं हसली. जाड पुस्तक पाहिलं की तिला तेच हसणं ऐकू यायचं. पाटीवर अक्षरं वाट्टेल तेवढी मोठी करता येतात. एका पानावर सहा-सात ओळीच ठेवायच्या, म्हणजे पान चटकन संपतं आणि आपण भराभर वाचतोय असं वाटतं. शिवाय पुस्तक लहान मुलांचं आहे की मोठ्यांचं, हे बाहेरून कुणाला दिसत नाही. "मी पहिलीतल्या मुलांच्या गोष्टींपासून सुरू केलं, काकू. कुणाला कळलंच नाही. आणि किती राहिलंय त्याची जाडी दिसत नाही ना, त्याची भीतीच वाटत नाही."

मी हे आप्पांना सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण सांगितलं. ज्या वजनाच्या जोरावर पोरीला वाचायला लावायचं, तेच वजन पोरीच्या छातीवर बसत होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यानंतर वाचनालयात काटा निघाला नाही. बाईंनी घाबरून मला विचारलं, आप्पांची तब्येत बरी आहे ना?

उन्हाळा निम्मा सरला. जूनमध्ये मुलाला अंबाल्याला कुटुंबासाठी घर मिळणार होतं आणि सई, सूनबाई तिकडे जाणार होत्या. एका सकाळी आप्पा आमच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ जास्वंदीची पिवळी पानं तोडत होते. माझ्या झाडाची.

"वैनी, वरीस झालं पोरगी एका घरात हाय," ते शेवटी म्हणाले. "जेवलीस का? जेवले. झोपलीस का? झोपते. एवढंच आमचं बोलणं. ती पाटीकडं बघून हसती, ते कशाला हसती मला ठावं न्हाई. आता अंबाल्याला गेली की फोनवर बी तेवढंच. आनि मग तेवढं बी न्हाई. मला तिच्याशी बोलाय काय तरी पायजे."

आप्पांनी आयुष्यात माझ्याकडे विरजणाच्या वाटीपलीकडे काही मागितलेलं नव्हतं.

माझा स्वतःचा एक जुना ई-रीडर कपाटात पडून होता. आप्पांच्या मुलाला फोन केला, त्यालाही गंमत वाटली, आणि त्यानं सांगितल्याप्रमाणे मी तो सईच्याच खात्याला जोडून दिला. म्हणजे सईच्या पाटीत जी पुस्तकं, तीच आप्पांच्या पाटीत. सईला मात्र कळू द्यायचं नाही, अशी आप्पांची अट. आजानं नातीच्या मागोमाग चोरून वाचायचं, हे त्यांना शोभणारं वाटत नव्हतं.

आता घरातल्या घरात लपवायचं कुठं? आप्पांनी वाचनालयातून पुन्हा एक धिप्पाड कादंबरी आणली आणि तिच्या पोटात पाटी उघडून वाचायला बसले. शाळेतली मुलं भूगोलाच्या पुस्तकात कॉमिक लपवतात, त्याच्या नेमकं उलटं. अक्षरं त्यांनी एवढी मोठी केली होती की पानावर जेमतेम आठ-दहा शब्द मावायचे. पान उलटायला म्हणून बोटाला थुंकी लावून पडद्यावर ओढायचे, आणि मग धोतरानं पुसून घ्यायचे. सूनबाई मला म्हणाल्या, मामंजी हल्ली एकच पान तासभर उघडून बसतात, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं का?

सई तेव्हा हरवलेला उंट शोधायला निघालेल्या दोन भावंडांची गोष्ट वाचत होती. आप्पांनी चहाच्या वेळी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्या पाटीत काय चाललंय. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. आप्पा म्हणाले, उंट मेला आसंल. ती म्हणाली, नाही हो आप्पा, तो मेला असं फक्त मेंढपाळ सांगतो. आप्पा म्हणाले, मेंढपाळ खोटं कशाला बोलंल? झालं. मेंढपाळ खोटं का बोलला हे पटवून देता देता सईचा चहा गार झाला. मी कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होते. आप्पांनी आदल्याच दिवशी मला सांगितलं होतं की मेंढपाळ कसा खोटं बोलतो, आणि सांगताना त्यांना त्याचा राग आवरत नव्हता. आता नातीपुढं तेच आप्पा मेंढपाळाची बाजू घेऊन बसले होते, का तर ती अजून थोडं बोलेल म्हणून.

जूनमध्ये ती गेली. आप्पांचं घर पुन्हा मोकळं झालं. पण रोज संध्याकाळी दिवे लागले की त्यांच्या ओसरीवरून स्पीकरवर टाकलेल्या फोनचा आवाज यायचा. "मग फुडं काय झालं गं?" हा प्रश्न आणि मग सईची पंधरा-वीस मिनिटांची अखंड टकळी. आप्पा मधे मधे चुकीचे अंदाज बांधत, अडाण्यासारखे प्रश्न विचारत, आणि ती हसून दुरुस्त करत असे. पुस्तक मात्र आप्पांचं आधीच वाचून झालेलं असायचं. त्या उंटाच्या गोष्टीचा शेवट वाचून तर ते सकाळी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसत बसले होते, आणि त्याच संध्याकाळी फोनवर विचारत होते, सापडला का गं उंट?

दिवाळीला सई आली. उंची वाढली होती आणि तोंडात मराठी खळखळत होती. फराळाचं ताट घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा मी न राहवून म्हटलं की तू फोनवर आप्पांना गोष्टी फार छान सांगतेस.

सईनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकू, त्यांना सांगू नका हं. आप्पा सगळं आधीच वाचतात. मी पाटी उघडली की ती मला विचारते, दुसऱ्या पाटीवर हे पुस्तक पुढपर्यंत वाचलं गेलंय, त्या पानावर जायचं का? बाबांना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं ती कुणाची ते. उंटाच्या वेळेपासून मला माहीत आहे."

"मग तू काय करतेस?" मी विचारलं.

"मी 'नको' दाबते," ती म्हणाली.

तेवढ्यात पलीकडच्या ओसरीवरून आप्पांची हाक आली, ती कालची बोटीतली म्हातारी शेवटी घरी पोचली का न्हाई. ते पुस्तक त्यांचं संपून चार दिवस झाले होते, आणि ते सईलाही ठाऊक होतं.

"अजून नाही आप्पा," सई ताट माझ्या हातात देत म्हणाली. "तुम्ही बसा, मी आले सांगायला."