सावळीने बसविलेल्या दरबाराची बखर

॥ श्री अन्नपूर्णा प्रसन्न ॥

शके सोळाशे आणि वर काही, आनंदनाम संवत्सरे, फाल्गुन वद्य पंचमी, ते दिवशी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहितो, श्रोत्यांनी मांडी घालून सावकाश ऐकावे.

राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. नदीकाठी होते, जव बहुत पिके, आणि टोपीकर ज्यास बियर म्हणतात ते पेय तेथे उत्तम होई. सरकारी भट्टीवर चिमाबाई म्हणून बाई मुख्त्यार होत्या, जवास मोड आणून भाजावे तर त्यांनीच, आणि पेय चाखून त्याचा जोर ठरविण्याचे वतन सुभानजी काटवटे यांजकडे चार पिढ्या चालत आले होते. चाखण्याची रीत ऐसी, की नवे पिंप फुटले म्हणजे सुभानजींनी एक पळी घ्यावी, आणि कारकुनाने सुभानजींचे तोंड पाहावे. तोंड वाकडे होऊन डोळे मिटले तर पेय जहाल, ते वाटीने द्यावे. नुसती भुवई चढली तर फुलपात्राने द्यावे. आणि मुद्रा हललीच नाही तर पेय सौम्य, ते लोट्याने द्यावे व मागेल त्यास पुन्हा द्यावे. भट्टीवाल्याने मध्येच शिफारस करू नये म्हणून त्याने त्या वेळी तोंडात विडा धरून मुकाट उभे राहावे, ऐसाही शिरस्ता होता. सुभानजींस या वतनाचा अभिमान इतका, की घरी आमटी तिखट झाली तरी तोंड उगाच खर्चीत नसत.

ते साली चिमाबाईंनी नेहमीच्या तिप्पट जव घेतले, काळपट भाजिले, मध घातला, जांभळाचा रस घातला, आणि आठ महिने पिंपात निजवून एक बियर सिद्ध केली, रंगावरून तीस सावळी म्हणू लागले. मग पिंप फुटले आणि सुभानजींनी पळी घेतली, तो जिभेस आधी मध लागला, मग जांभूळ लागले, मग करपल्या गुळाचा वास आला, आणि जहालपणा म्हणावा तर कोठे शोधूनही सापडेना. मुद्रा दगडासारखी राहिली. चिमाबाई तोंडात विडा धरून डोळे मोठे करीत होत्या आणि हाताने आपल्या गुडघ्यांकडे दाखवीत होत्या, आणि सुभानजींस वाटले की बाईंच्या विड्यात चुना अंमळ जास्त पडला. कारकुनाने लिहिले, लोटा. शिक्का उठला तेव्हा बाई विडा थुंकून धावत आल्या आणि म्हणाल्या, "अहो सुभानजी, गोगलगाय नि पोटात पाय आहे ती! जिभेला काय विचारता, गुडघ्यांना विचारा!" त्यावर सुभानजी बोलिले, "बाई, चार पिढ्यांची जीभ आहे ही. तुम्ही भट्टी सांभाळा." तेथेच घोड्याने पेंड खाल्ली.

कारण की पंचमीस पलीकडल्या राज्याचे वकील आबाजीपंत टोणपे येणार होते. नदीवर नाव कोणी चालवावी हा तंटा नऊ वर्षे पडला होता, आणि नऊही वेळा पंत बोलणे ऐन रंगात आले म्हणजे शाल खांद्यावर टाकून ताडकन उठून जात, आणि वकील उठला की बोलणे मोडले, हा उभय राज्यांचा दंडक. दहावी बैठक दुपारच्या भोजनोत्तर बसली, सावळी आली, शिक्क्याप्रमाणे लोट्याने आली. पंतांनी चाखिली आणि म्हणाले, "वा! हे तर लेकराबाळांस द्यावे ऐसे." आणि महाराजांनी दुसरा लोटा मागविला, पंतांनी दुसरा मागविला, मानकऱ्यांनी मागे का राहावे, तिसराही फिरला. चाखणदाराने मेजवानीत थेंब घेऊ नये अशी रीत, म्हणून सुभानजी दाराशी उभे राहून कौतुक पाहात होते, आणि मनात म्हणत होते की आपली जीभ ती आपली जीभ. वाणी सर्वांच्या शाबूत, बुद्धी शाबूत, कोणी बरळेना, कोणी झिंगेना.

मग नावेचे बोलणे निघाले आणि पंत तापले, आणि नेमाप्रमाणे शाल खांद्यावर टाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाले, "हे आम्ही निघालो!" आणि बसूनच राहिले. सभेने वाट पाहिली. पंतांनी पुन्हा जोर केला, कानशिले लाल झाली, बूड हलेना. शेवटी शाल नीट करून म्हणाले, "अं... अंमळ बसतो." महाराजांस हसू आले आणि रागही आला, आणि गर्जले, "दरबार बरखास्त!" परंतु महाराज उठल्याखेरीज दरबार उठत नाही, आणि महाराजांनी तक्क्यावर हात टेकिला तो तक्क्याच सरकला, महाराज जागचे जागी. तेव्हा सुभानजींस बाईंचे मोठे झालेले डोळे आठवले, आणि सर्व राज्यात दोन पायांवर उभा ऐसा आपण एकटाच, आणि अपराधीही आपणच, हे कळून धरणी पोटात घेईल तर बरे ऐसे वाटले.

मग ऐसी मौज जाहली, की उठता येईना म्हणून बोलणे मोडता येईना, आणि मोडता येईना म्हणून चालवावे लागले. पंत रुसले ते बसून रुसले, पुन्हा बोलू लागले, महाराजांनी दोन शब्द माघार घेतली, पंतांनी तीन घेतली, आणि दिवस कलण्यापूर्वी ठरले की सम तिथीस यांची नाव आणि विषम तिथीस त्यांची. तहावर शिक्के बसूनच उठले. पुढे पंतांची पालखी बैठकीच्या मधोमध आणविली आणि पंतांस उशीसारखे उचलून आत ठेविले, तेव्हा पंत म्हणाले, "आमच्याकडे वकिलास ऐसाच मान देतात."

दुसरे दिवशी महाराजांनी सुभानजींस आणि चिमाबाईंस बोलाविले. सुभानजींस रात्रभर डोळा लागला नव्हता. बाईंनी मागाहून पिंपात काही घातले इतके म्हटले की वतन राहते, कोणी साक्षीस नाही, हे मनात दहा वेळा येऊन गेले होते. महाराज म्हणाले, "सुभानजी, कोणाची लबाडी?" सुभानजी बोलिले, "लबाडी कोणाची नाही, महाराज. बाईंनी सावध केले होते, मी ऐकले नाही. जीभ फसली, आणि माझ्या गर्वाने राज्य बसविले." ऐसे म्हणून पळी पायाशी ठेविली. चिमाबाई पुढे होऊन म्हणाल्या, "सरकार, मी ती फसवायलाच तशी केली होती. जी या जिभेला फसवील ती जगाला फसवील, एवढी एक माझी हौस. ही जीभ घालवली तर मी पुढं कुणाला फसवू?"

महाराज खदखदा हसले आणि डोके दाबून धरून हसणे आवरले. मग हुकूम केला, की इतःपर भट्टीवालीने बोलावे, चाखणदाराने पळी नव्हे पात्र भरून प्यावे, एक घटका बसावे, आणि मग उभे राहून दाखवावे. "आणि आरंभ सावळीपासून, आत्ताच," ऐसे फर्माविले. सुभानजींनी लोटा भरून घेतला, घटका बसले, मुद्रा दगडासारखी. मग उठू गेले. तीन वेळा उठू गेले. शेवटी बसल्या बसल्याच महाराजांस मुजरा केला आणि म्हणाले, "बाई, गुडघे म्हणतात तुमचेच खरे." कारकुनाने लोटा खोडून वाटी लिहिली, आणि महाराजांनी पळी उचलून सुभानजींच्या हाती परत दिली.

सारांश, नावेचा तंटा मिटला, चाखणदारी काटवट्यांकडे राहिली, आणि आबाजीपंतांकडून आठा दिवसांत सांडणीस्वार आला, की पुढील तहाचे बोलणे लौकर काढावे, विषय कोणताही चालेल.

॥ लेखनसीमा ॥