जर्मन योद्ध्याची हजामत

"द्या इकडे, मी रंगवतो!" हे वाक्य मी कुणीही विचारलेलं नसताना बोललो, तिथेच सगळं चुकलं.

सासरेबुवा म्हणजे निवृत्त इतिहास शिक्षक. जुन्या काळातल्या योद्ध्यांचे बोटभर पुतळे रंगवायचा त्यांना नाद. हल्ली हात थरथरतो, त्यामुळे त्यांचा सगळ्यात लाडका पुतळा रंगवायचा राहिला होता. प्राचीन जर्मन टोळीतला योद्धा, हातात ढाल, अंगावर झगा, चेहऱ्यावर जगाशी भांडण. रविवारी संध्याकाळी लायब्ररीत त्यांच्या पुतळ्यांचं प्रदर्शन होतं, आणि जेवताना ते "हा मात्र राहिला बुवा" एवढंच म्हणाले. कुणीही शहाणा माणूस "अरेरे" म्हणतो आणि भात वाढून घेतो.

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "अहो, तुम्ही रंगवलेली खिडकी अजून उघडत नाहीये!"

पण मला ही संधी हवीच होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासरेबुवांनी मला चारचौघांत "हे आमचे जावई" असं म्हटलेलं नाही. ओळख करून द्यायची वेळ आली की ते हवापाण्यावर बोलायला लागतात. प्रदर्शनात सगळ्यांसमोर त्यांनी "हा आमच्या जावयांनी रंगवला" म्हणावं, यासाठी मी अख्खी फौज रंगवायला तयार होतो.

आधी मी व्हिडिओ बघून अभ्यास केला. (ऑफिसात. आवक-जावक विभागात अभ्यासाला भरपूर वाव असतो.) त्यात एक गोष्ट बजावून सांगितली होती. साच्यातून निघताना पुतळ्यावर प्लॅस्टिकचे फुगवटे राहतात, ते रंगवण्यापूर्वी कानशीने घासून काढायचे. मी पुतळा निरखला, तर उजव्या कानाच्या वर हा एवढा फुगवटा! कंपनीचा निष्काळजीपणा पाहून मला संतापच आला. घास घास घासून मी त्याचं डोकं चकाचक करून टाकलं.

मग रंग. ब्रश चहात बुडवला आणि ब्रशचं पाणी प्यालो. (चवीत फारसा फरक नव्हता, पण हे घरात बोलायची सोय नाही.) डोळे आधी तिरळे झाले, मग सुधारता सुधारता भलतेच मोठे झाले. योद्ध्यासमोर शत्रू नसून सासरा उभा आहे, असं वाटायला लागलं. पण झगा, ढाल, दाढी मात्र झकास! रविवारी दुपारी मी त्याच्याकडे कौतुकानं बघत बसलो होतो, तेवढ्यात सासरेबुवांचा फोन आला.

"काय हो, गाठ कशी दिसतेय?"

"कसली गाठ?"

"कानावरची हो! त्या टोळीतले लोक केसांची कानाच्या वर गाठ बांधायचे. गाठ असली तर स्वतंत्र माणूस, नसली तर गुलाम. त्या गाठीसाठी तर मी हा पुतळा इतका शोधला! सगळ्यांना सांगून ठेवलंय, गाठ बघायला या म्हणून. निघतोच मी."

मी फोन ठेवला. बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे चांगल्या स्वतंत्र माणसाला तुम्ही नोकरीला लावलंत," ती म्हणाली.

"अगं, चेष्टा कसली करतेस? ते माझं तोंड बघणार नाहीत!"

"खरं काय ते सांगून टाका."

"छे! गाठच बसवतो."

मी स्वयंपाकघरातून मोहरीचे दाणे आणि ड्रॉवरमधून सुपर ग्लू आणला. पहिला दाणा उडाला, दुसरा माझ्या दाढीत गेला. तिसरा मात्र कानाच्या वर असा बसला की विचारू नका! त्यावर तपकिरी रंगाचा ठिपका दिला, आणि गाठ तयार. आनंदाने मी पुतळा खाली ठेवायला गेलो, तर तो हातातून सुटेना. अंगठा आणि दोन बोटं झग्याला घट्ट चिकटली होती.

तेवढ्यात बेल वाजली.

सासरेबुवांनी आत आल्या आल्या भिंग काढलं आणि माझा हात पुतळ्यासकट डोळ्याशी नेला.

"ही मोहरी आहे," ते म्हणाले.

"बाबा, मला वाटलं तो फुगवटा..."

"कानस लावलीत?"

"हो."

त्यांनी भिंग पुसलं आणि पुन्हा डोळ्याला लावलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला फार वाईट वाटलं, खरंच वाटलं. मग ते हळूच म्हणाले, "दिसतेय मात्र गाठीसारखीच. काचेतून कुणाला कळायचं नाही. आणा तो इकडे."

"येत नाही," मी म्हणालो.

बायको नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन धावली. "थांबा, एका मिनिटात सुटेल!"

"खबरदार!" सासरेबुवा ओरडले. "रंग उडेल, प्लॅस्टिक विरघळेल! प्रदर्शन होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही!"

"पण मग ह्यांचं काय?"

सासरेबुवांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्यांनाही आणावं लागेल."

लायब्ररीत काचेच्या कपाटाची मागची फळी काढून तिथे पडदा लावला. मी पडद्याआड स्टुलावर बसलो, रुमालाने झाकलेला हात आत, बाकीचा मी बाहेर. लोक वाकून वाकून गाठ बघत होते. "वा! काय बारकावा!" माझ्या नाकाला खाज सुटली होती, पण काळीज सुपाएवढं झालं होतं.

तेवढ्यात एका आजींनी पडदा बाजूला सारला. "अगबाई! हे मागे कोण?"

मी मान ताठ केली, शर्टाची कॉलर सरळ केली आणि चेहऱ्यावर जावयाला शोभेल असं हसू आणलं.

सासरेबुवांनी पडदा पुन्हा नीट ओढला आणि म्हणाले, "तो स्टँड आहे."