ट्रॅक्टरचं तेल आणि सासऱ्यांची दाढ

सासऱ्यांच्या ट्रॅक्टरचं इंजिन ऑईल मी एकटा, अर्ध्या तासात बदलून दाखवतो, असं मी सकाळच्या चहालाच जाहीर केलं. चार व्हिडिओ पाहिले होते मी! त्यातला एक तर दोनदा!

ट्रॅक्टर माझ्या बायकोपेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि घरात मानही त्यालाच जास्त. सासरे रोज तेलाची पट्टी ओढून काढायचे, पुसायचे, पुन्हा बुडवून उजेडात धरायचे आणि पेशंटचा ताप बघावा तसा चेहरा करायचे. चाललेले तास शेडच्या भिंतीवर खडूने मांडायचे. अडीचशे भरले की तेल बदललंच पाहिजे, मग घरात लग्न का असेना!

अडीचशे आजच भरले होते. उद्या नांगरणी. आणि सासरे दाढ काढायला दवाखान्यात!

"अहो, मिस्त्रींना बोलावू का?" बायको म्हणाली.

"कशाला? बोल्ट फिरवायचा, तेल सोडायचं, नवं ओतायचं!"

मी ट्रॅक्टरखाली सरपटलो. पहिला दिसला तो बोल्ट फिरवला. धार लागली. काय ते तेल! सोनेरी, मधासारखं! जुनं तेल काळं निघतं म्हणे. पण सासऱ्यांची निगाच तशी!

बादली भरली. धार चालूच. घमेलं भरलं. धार चालूच!

"अगं, भांडं आण! मोठं!"

सासूबाईंनी कपडे भिजवायचा टब ढकलला. तोही भरत आला.

"इंजिनात बसतं सात लिटर," मी खालूनच ओरडलो. "बाबा इतकी वर्षं चौपट ओततायत! बरं झालं मी आलो!"

बोल्ट आवळून मी सात लिटर नवं तेल ओतलं. पट्टीवर ते खुणेच्या चार बोटं वर! असू दे, कमी पडण्यापेक्षा बरं. मी ऐटीत सीटवर बसून चावी फिरवली.

ट्रॅक्टर खोकला, थरथरला, आणि असा निळा धूर सुटला की शेड गायब, घर गायब, बायको गायब! शेजारचे काका आग विझवायला बादली घेऊन धावले. धुरात त्यांना मीच सापडलो. ओतली!

तेवढ्यात फाटकात सासरे. गाल टम्म, तोंडात कापसाचा बोळा. बोलता येईना. दोन्ही हात वरखाली हलवू लागले.

"बाबा खूश झाले! अजून वाढव म्हणतायत!" मी रेस दिली. ते उड्या मारू लागले. मी आणखी दिली!

शेवटी त्यांनीच येऊन इंजिन बंद केलं आणि चाकाला टेकून मटकन खाली बसले.

मिस्त्री आले. त्यांनी टबात बोट बुडवलं, पट्टी पाहिली आणि टोपी काढली. "साहेब, हे गिअरबॉक्सचं तेल. इंजिनचं काळं तेल जागच्या जागी आहे. त्यावर तुम्ही नवं ओतलंत."

सगळं उपसून नीट भरेपर्यंत पुढच्या दिवसाची नांगरणी बुडाली. ट्रॅक्टर मात्र वाचला.

धुराच्या दिवशीच दुपारी सासऱ्यांचा बोळा निघाला. मी मान खाली घालून समोर उभा राहिलो.

"जावईबापू, तुमच्या वडिलांकडे ट्रॅक्टर आहे?"

"नाही."

"नशीबवान माणूस!" ते म्हणाले, आणि पुन्हा गाल धरला.