बॅटरी बदलली, एवढंच

गाडीची बॅटरी बदलायला मेकॅनिक बोलावणाऱ्या माणसांची मला फार कीव येते. दोन नट, दोन वायरी. लाल कुठली नि काळी कुठली एवढं कळलं की झालं! म्हणून बाबा दुपारी झोपलेले असताना मी त्यांच्या जुन्या गाडीची बॅटरी स्वतःच्या हातांनी बदलली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. मी बॉनेट असं काही आपटलं, की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. त्यांनी पाहावं म्हणूनच आपटलं होतं.

मग रेडिओ लावला, तर तो गाण्याऐवजी कोड मागू लागला. बॅटरी काढली की जुने रेडिओ असे रुसतात, आपण चोराच्या हाती लागलो असं समजून.

आता हा रेडिओ म्हणजे बाबांचा जीव. आई गेल्यापासून ते गाडी फारशी चालवत नाहीत, पण रोज संध्याकाळी खाली जाऊन, काचा वर करून तीत बसतात. बातम्या ऐकतो म्हणतात. घरात टीव्ही असताना गाडीत कसल्या बातम्या, हे आम्ही कधी विचारलं नाही.

बायको म्हणाली, "बाबांना विचार की कोड."

पण मग बॅटरीच्या पराक्रमाबरोबर रेडिओचंही सांगावं लागलं असतं. मी बाबांचा वाढदिवस टाकून पाहिला. मग आईचा, माझा, त्यांच्या लग्नाचा, शेवटी गाडीचा नंबर. आधी नुसता रुसलेला रेडिओ आता कायमचा मुका झाला. कुठलंही बटण दाबा, ढिम्म. तसाच गाडी घेऊन रेडिओवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, कोड कारखान्यातून येतो, त्यात तुमच्या घरच्यांचे वाढदिवस कसे असतील? एवढं बोलून त्याने मला मोठ्या स्क्रीनचा नवा रेडिओ विकला. बाबा खूश होतील, अशी मी माझीच समजूत घातली. जुन्यात एक कॅसेट अडकली होती. हल्ली कॅसेट ऐकतंय कोण, म्हणत मी ती पकडीने ओढली. फीत आत गुंतलेली होती. हिसका दिला तशी तुटली, आणि थोडी आतच राहिली.

संध्याकाळी बाबा खाली गेले आणि लगेच वर आले. नव्या स्क्रीनबद्दल चकार शब्द नाही.

"आतली कॅसेट कुठंय?"

मी खिशातून काढून दिली. लोंबणारी फीत ते बोटाने हळूहळू आत गुंडाळू लागले. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मी सगळं सांगून टाकलं. कोडचं ऐकल्यावर त्यांनी चार आकडे घडाघडा म्हणून दाखवले. आईने त्यांच्याकडून पाठ करून घेतले होते म्हणे.

कॅसेटमध्ये बातम्या नव्हत्या. आई होती. लायसन्सच्या परीक्षेसाठी तिने प्रश्न आणि उत्तरं स्वतःच्याच आवाजात भरून ठेवली होती, घोकायला. परीक्षा काही ती शेवटपर्यंत पास झाली नाही. पण तिचा आवाज तेवढाच उरला होता, आणि तो मी पकडीने ओढला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी फीत चिकटपट्टीने कशीबशी जोडली, काकूंकडून जुना टेप मागून आणला आणि बाबांच्या शेजारी गाडीत जाऊन बसलो. काचा वर केल्या. टेप बाबांच्या मांडीवर. आई शाळेतल्या बाईंसारखी खणखणीत बोलत होती. प्रश्न, उत्तर, पुन्हा प्रश्न. बाबांचे ओठ हलत होते. त्यांना सगळंच पाठ होतं.

मग आईने विचारलं, "पुढचा रस्ता माहीत नसेल तर चालकाने काय करावे?" आणि नेमकी तिथेच फीत खरखरली. उत्तर त्या जुन्या रेडिओच्या पोटात राहिलं होतं.

मी बाबांकडे पाहिलं.

"थांबावं," समोरच्या काचेतून बघत बाबा म्हणाले. "आणि विचारावं."